रक्तपेढीसाठी एचआयव्ही चाचणी निवडताना: रॅपिड, एलायझा, क्लिया आणि नॅट यांची तुलना कशी करावी

रक्तपेढीत एचआयव्हीसाठी नवी चाचणी आणायचे ठरले की पुरवठादाराचा प्रतिनिधी सर्वप्रथम किटचे माहितीपत्रक पुढे करतो. त्यावर संवेदनशीलता (बाधित नमुने पकडण्याचे प्रमाण) १०० टक्के आणि विशिष्टता (निरोगी नमुने निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) ९९.८ टक्के असे आकडे छापलेले असतात. दुसऱ्या कंपनीच्या पत्रकावरही जवळजवळ तेच आकडे असतात, आणि मग निर्णय दरावर किंवा यंत्रासोबत मिळणाऱ्या सवलतीवर होतो. हे आकडे खोटे नसतात, पण ते प्रामुख्याने अशा व्यक्तींच्या रक्तावरून काढलेले असतात ज्यांना संसर्ग होऊन बराच काळ लोटला आहे आणि ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) भरपूर आहेत. असा नमुना कोणतेही बरे किट पकडते. चाचण्यांमधला खरा फरक तीन ठिकाणी दिसतो: नुकताच संसर्ग झालेला दाता, विषाणूचा वेगळा प्रकार, आणि संसर्ग नसतानाही ज्याचे रक्त चाचणीत रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्ग सुचवणारे, येते असा दाता. तुलनेची आखणी या तीन ठिकाणांभोवती करावी. पुढील विवेचन मुख्यतः रक्तपेढीतील तंत्रज्ञ आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहे. निदान केंद्रासाठी यातील काही निर्णय उलटे लागतील.

आधी हेतू लिहून काढावा

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने म्हणजे नॅकोने रक्तदानासाठी आणि व्यक्तीच्या निदानासाठी वेगवेगळी धोरणे ठरवली आहेत. रक्तपेढीत एकच अतिसंवेदनशील चाचणी केली जाते आणि ती रिॲक्टिव्ह आली की पिशवी बाद केली जाते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीला मात्र तिला संसर्ग आहे असे सांगण्यापूर्वी वेगवेगळ्या तत्त्वांवर किंवा वेगवेगळ्या प्रतिजनांवर (विषाणूच्या ज्या भागांना प्रतिपिंडे चिकटतात त्यांवर) आधारलेल्या तीन चाचण्या रिॲक्टिव्ह याव्या लागतात. कारण उघड आहे. रक्तपेढीत चुकून बाद झालेल्या पिशवीचे नुकसान पैशात मोजता येते, चुकून सुटलेल्या पिशवीचे येत नाही. निदानात याउलट चुकीचा पॉझिटिव्ह अहवाल एखाद्याचे आयुष्य विस्कटून टाकू शकतो. त्यामुळे तुलना सुरू करण्यापूर्वीच कागदावर असे लिहावे की कोणती चूक किती प्रमाणात सहन केली जाईल. नॅकोच्या निकषानुसार किटची संवेदनशीलता किमान ९९.५ टक्के आणि विशिष्टता किमान ९८ टक्के असावी लागते. ही किमान पात्रता आहे. तिच्या वर असलेल्या दोन किटमधून निवड करायला ती उपयोगी पडत नाही.

प्रत्येक पद्धत रक्तात काय शोधते

रॅपिड चाचणी बहुधा फक्त प्रतिपिंडे शोधते. पट्टीवर किंवा पडद्यावर उमटलेली रेघ किंवा ठिपका डोळ्यांनी वाचायचा असतो, साधारण २० मिनिटांत निकाल मिळतो आणि यंत्र लागत नाही. तिचे दोष याच गुणांतून येतात: फिकट रेघ एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, ठरलेल्या वेळेनंतर वाचल्यास निकाल बदलू शकतो आणि नंतर तपासून पाहण्याजोगी आकड्यांतली नोंद मागे उरत नाही. रोजच्या रक्तसंकलनासाठी तिच्यावर विसंबून राहू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

एलायझाच्या, म्हणजे विकराने येणारा रंग मोजणाऱ्या चाचणीच्या, पिढ्या समजून घेतल्याशिवाय तुलनेला अर्थ येत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेल्या पहिल्या पिढीच्या चाचणीत विषाणूचा अर्क वापरला जाई, त्यामुळे खोटे रिॲक्टिव्ह निकाल बरेच येत. दुसऱ्या पिढीत पुनःसंयोजित (जनुकतंत्राने बनवलेली) प्रथिने आणि कृत्रिम पेप्टाइड आली. तिसऱ्या पिढीत प्रतिपिंड दोन प्रतिजनांमध्ये पकडण्याची रचना आली आणि त्यामुळे आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांबरोबर सुरुवातीच्या काळातील आयजीएमही सापडू लागले. चौथ्या पिढीत प्रतिपिंडांसोबत विषाणूचे पी२४ हे प्रथिनही शोधले जाते. क्लिया ही पिढीने वेगळी चाचणी नाही. तीत रंगाऐवजी प्रकाशाचे उत्सर्जन मोजले जाते आणि ती तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची असू शकते. ‘आमच्याकडे क्लिया आहे’ एवढ्यावरून पी२४ तपासले जाते असे समजणाऱ्या रक्तपेढ्या आहेत, म्हणून किटच्या डब्यावर पिढी पाहूनच तुलना मांडावी. चौथ्या पिढीची एलायझा आणि तिसऱ्या पिढीची क्लिया शेजारी ठेवल्यास यंत्र नवे असूनही विंडो पीरियडच्या (संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाच्या) बाबतीत एलायझा सरस ठरेल.

नॅट विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, थेट शोधते. संसर्गानंतर ती साधारण १० ते ३३ दिवसांत, प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीची चाचणी १८ ते ४५ दिवसांत आणि केवळ प्रतिपिंडांची चाचणी २३ ते ९० दिवसांत संसर्ग दाखवते. या पल्ल्यांमधला पहिला आकडा लवकरात लवकर सापडणाऱ्यांचा आणि दुसरा जवळजवळ सगळे सापडतील तेव्हाचा, हे ध्यानात ठेवावे. तरीही नॅट इतर चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही. नियमित एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंची संख्या इतकी कमी होते की नॅट निगेटिव्ह येऊ शकते, तर प्रतिपिंडे मात्र स्पष्ट असतात. उपचाराविना विषाणू काबूत ठेवणाऱ्या मोजक्या व्यक्तींचेही तसेच. म्हणून नॅट ही प्रतिपिंड चाचणीच्या जोडीला करायची चाचणी आहे, आणि तुलनेत प्रश्न ‘नॅट की एलायझा’ असा नसून ‘फक्त चौथी पिढी की चौथी पिढी अधिक नॅट’ असा असतो.

नमुन्यांचा संच जुळवणे

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. दोन पद्धतींची तुलना एकाच नमुन्यांवर व्हायला हवी; जानेवारीत एका किटवर आलेले आणि मार्चमध्ये दुसऱ्या किटवर आलेले निकाल शेजारी ठेवणे म्हणजे दात्यांची तुलना होते, किटची नव्हे.

संचात पुढील प्रकारचे नमुने असावेत. पहिला गट निश्चित पॉझिटिव्ह नमुन्यांचा, आणि त्यातही जोरदार नमुन्यांपेक्षा कमजोर नमुने अधिक हवेत. दुसरा गट सलग काळात घेतलेल्या नमुन्यांचा, ज्याला सेरोकन्व्हर्जन पॅनेल म्हणतात: एकाच व्यक्तीचे संसर्गाच्या सुरुवातीपासून काही दिवसांच्या अंतराने घेतलेले नमुने. किती दिवस आधी कोणती चाचणी रिॲक्टिव्ह होते हे फक्त असा संच सांगू शकतो. मात्र बाजारात मिळणारे असे संच बहुतांशी अमेरिकेतील प्लाझ्मा दात्यांचे असतात आणि त्यांत एचआयव्ही-१ चा बी उपप्रकार प्रामुख्याने असतो, तर भारतात सी उपप्रकाराचे प्राबल्य आहे. त्यामुळे स्थानिक पॉझिटिव्ह नमुन्यांची जोड दिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. तिसरा गट एचआयव्ही-२ चा. हा विषाणू पश्चिम भारतात तुरळक आढळतो. प्रतिपिंडांच्या चाचण्या तो पकडतात, पण चौथ्या पिढीतील पी२४ चा भाग एचआयव्ही-१ साठी रचलेला असतो आणि आरएनएच्या काही चाचण्या फक्त एचआयव्ही-१ शोधतात. माहितीपत्रकात एचआयव्ही-२ चा उल्लेख नेमका कोणत्या घटकाबाबत आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. असे नमुने स्वतःकडे नसतील तर संदर्भ प्रयोगशाळेकडे विचारणा करावी. पूर्वी नारी या नावाने ओळखली जाणारी पुण्यातील भोसरीची संस्था या क्षेत्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे.

चौथा गट निगेटिव्ह नमुन्यांचा, आणि तो सर्वांत मोठा असावा. त्यात रोजच्या दात्यांचे सलग क्रमाने घेतलेले नमुने घ्यावेत, निवडून घेतलेले नव्हेत. शिवाय गोंधळ घालणारे नमुने मुद्दाम घालावेत: ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (संधिवातात आढळणारे प्रतिपिंड) असलेले, मलेरिया किंवा डेंग्यू झालेल्यांचे, नुकतीच फ्लूची लस घेतलेल्यांचे, अनेकदा गर्भधारणा झालेल्या स्त्रियांचे, तसेच चरबीमुळे दुधाळ झालेले आणि लाल पेशी फुटून तांबडे झालेले सिरम. शिबिरातून येणाऱ्या नमुन्यांत शेवटचे दोन प्रकार नेहमी सापडतात, कारण दाते नाश्ता करून आलेले असतात आणि नळ्या उन्हातून प्रवास करून येतात.

संच किती मोठा असावा याचे एक सोपे गणित आहे. एखाद्या किटने ५० पैकी ५० पॉझिटिव्ह नमुने पकडले, तर त्याची संवेदनशीलता १०० टक्के सिद्ध होत नाही. एकही चूक न आढळल्यास ३ भागिले नमुन्यांची संख्या एवढ्या प्रमाणात चुका होत असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने नाकारता येत नाही. म्हणजे ५० नमुन्यांवरून ६ टक्क्यांपर्यंत चुका दडलेल्या असू शकतात, २०० नमुन्यांवरून दीड टक्क्यापर्यंत. मध्यम आकाराच्या रक्तपेढीला ९९.५ टक्क्यांचा दावा स्वतः पडताळणे शक्यच होत नाही, कारण त्यासाठी ६०० पॉझिटिव्ह नमुने लागतील. तिने तो आव आणू नये. उत्पादकाचा दावा आपल्या यंत्रावर, आपल्या हातांनी आणि आपल्या दात्यांवर टिकतो का, एवढेच पाहावे.

नमुने साठवतानाच तुलना बिघडू शकते. एक नमुना अनेकदा गोठवला आणि वितळवला तर आरएनए कमी होते आणि दोष नॅटच्या माथी येतो. प्रत्येक नमुन्याचे सुरुवातीलाच लहान भाग करून गोठवावेत आणि एक भाग एकदाच वितळवावा. ओळख पटेल अशी सर्व माहिती काढून सांकेतिक क्रमांक द्यावेत. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि गोपनीयतेची जबाबदारी प्रयोगशाळेवरही येते. मूल्यमापनासाठी जास्तीचे नमुने वापरायचे असल्यास संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी.

प्रत्यक्ष चाचण्या करताना

दोन्ही पद्धतींच्या चाचण्या शक्यतो एकाच दिवशी कराव्यात आणि एका पद्धतीचा निकाल दुसरी करणाऱ्याला कळू देऊ नये. रॅपिड चाचणी असल्यास दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वाचून नोंद करावी आणि त्यांच्यात मतभेद किती वेळा झाला हेही तुलनेचे एक मोजमाप मानावे. एलायझामध्ये ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर कंट्रोलच्या (निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्यांच्या) जागा, धुण्याचे चक्र आणि तापमान यांचा परिणाम मोठा असतो. वॉशरची एक नळी अर्धवट तुंबली तरी खोटे रिॲक्टिव्ह निकाल एका ओळीत येतात, आणि ते किटच्या विशिष्टतेच्या खात्यात जमा होतात. म्हणून निकालांची यादी पाहण्यापूर्वी प्लेटवरील त्यांची जागा पाहावी.

क्लिया किंवा स्वयंचलित एलायझा यंत्रावर एक छोटा प्रयोग अवश्य करावा: अतिशय जोरदार पॉझिटिव्ह नमुन्यानंतर लगेच तीन निगेटिव्ह नमुने लावावेत आणि पहिल्याचे मूल्य तिसऱ्यापेक्षा चढे येते का ते पाहावे. चढे आले तर नमुना एका नळीतून दुसरीत वाहत आहे. पुनरावृत्ती तपासण्यासाठी कटऑफच्या (ज्या मूल्यापासून नमुना रिॲक्टिव्ह धरतात त्याच्या) दुप्पट मूल्याचा कमजोर पॉझिटिव्ह नमुना रोज, अनेक दिवस आणि शक्य असल्यास किटच्या दोन लॉटवर (उत्पादनाच्या तुकड्यांवर) लावावा. जोरदार नमुना यासाठी निरुपयोगी आहे, कारण तो बिघडलेल्या यंत्रावरही रिॲक्टिव्हच येतो.

मोजलेले मूल्य भागिले कटऑफ हे गुणोत्तर प्रत्येक निकालासोबत नोंदवावे. मात्र एका यंत्रावरील ५ आणि दुसऱ्यावरील ५ यांची बरोबरी करू नये. दोन्हीकडे मोजपट्टी वेगळी असते. गुणोत्तर ०.९ ते १ यांदरम्यान असणारे नमुने वेगळे काढावेत. रक्तपेढीच्या दृष्टीने अशी पिशवी वापरू नये, पण तुलनेत असे नमुने कोणत्या पद्धतीत किती पडतात याला महत्त्व आहे.

मतभेदाच्या नमुन्यांचा न्याय

समजा १००० नमुन्यांपैकी ९८९ बाबत दोन्ही पद्धतींचे निकाल जुळले. अहवालात ‘९८.९ टक्के सहमती’ असे लिहिणे सोपे आहे, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण त्या ९८९ पैकी बहुतेक निःसंशय निगेटिव्ह होते. माहिती उरलेल्या ११ नमुन्यांत आहे. त्यांतले ९ फक्त पहिल्या पद्धतीत आणि २ फक्त दुसऱ्या पद्धतीत रिॲक्टिव्ह आले असे धरले, तर पहिली पद्धत अधिक नमुने रिॲक्टिव्ह ठरवते असा ग्रह होतो. मॅक्नेमार ही संख्याशास्त्रीय चाचणी नेमकी याच जोड्यांवर चालते, आणि तिच्या अचूक गणिताने असा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता सुमारे साडेसहा टक्के येते. म्हणजे एवढ्या आकड्यांवर ठाम बोलता येत नाही. शिवाय रिॲक्टिव्ह ठरवणे म्हणजे बरोबर ठरवणे नव्हे. ते ९ नमुने खरे पॉझिटिव्ह असतील तर पहिली पद्धत चांगली, खोटे असतील तर वाईट.

त्यासाठी मतभेदाचे नमुने तिसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरील चाचणीकडे पाठवावे लागतात. येथे एक सापळा आहे, आणि प्रकाशित अभ्यासांतही तो आढळतो. फक्त मतभेदाचेच नमुने तिसऱ्या चाचणीला लावले, तर त्यांच्या फेरतपासणीत नवी पद्धत सुधारूच शकते, बिघडू शकत नाही. दोन्ही पद्धतींनी मिळून केलेल्या चुका मात्र कधीच उघड होत नाहीत. म्हणून जुळलेल्या निकालांतील काही नमुने यादृच्छिकपणे निवडून तेही पाठवावेत. तिसरी चाचणी म्हणून पूर्वी वेस्टर्न ब्लॉटला अंतिम मानले जाई. तिच्यात विषाणूच्या प्रथिनांविरुद्धचे पट्टे वाचतात आणि नव्या संसर्गात पट्टे अपुरे असल्याने निकाल अनिश्चित येतो, म्हणजे चौथ्या पिढीने अचूक पकडलेला दाता ती संशयास्पद ठरवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिचा वापर सोडण्याची शिफारस केली. फक्त पी२४ वर रिॲक्टिव्ह आलेली पिशवी असेल तर तिची शहानिशा आरएनए चाचणीने करावी, आणि शक्य असल्यास दाता काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा.

खोट्या रिॲक्टिव्ह निकालांचे गणित

दात्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण हजारी एक असेल, तर एक लाख दात्यांत १०० बाधित असतील. ९९.५ टक्के संवेदनशीलता आणि तेवढीच विशिष्टता असलेली चाचणी त्यांतले जवळजवळ सगळे पकडेल, पण उरलेल्या ९९,९०० निरोगी दात्यांपैकी सुमारे ५०० जणांना रिॲक्टिव्ह ठरवेल. अर्थात रिॲक्टिव्ह आलेल्या सहा दात्यांपैकी सुमारे एकच खरा बाधित असतो. हीच चाचणी दहा टक्के संसर्ग असलेल्या गटात वापरली तर रिॲक्टिव्ह आलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक खरे निघतात. चाचणी तीच आहे. विशिष्टतेतील ०.३ टक्क्यांचा फरक माहितीपत्रकावर क्षुल्लक दिसतो, पण तो येथे ५०० खोट्या निकालांचे २०० करतो. त्या प्रत्येक निकालामागे बाद झालेली पिशवी आणि एकात्मिक सल्ला व तपासणी केंद्रात पाठवला जाणारा घाबरलेला दाता असतो.

नॅटचा खर्च कशाने तोलावा

उरलेला धोका मोजण्याची पद्धत अशी: दात्यांमधील नव्या संसर्गाचा वार्षिक दर गुणिले विंडो पीरियडचे दिवस भागिले ३६५. उदाहरणादाखल हा दर लाखात ५ धरू. तिसऱ्या पिढीसाठी सरासरी २२ दिवस धरल्यास लाख पिशव्यांमागे धोका ०.३० येतो, नॅटसाठी १० दिवस धरल्यास ०.१४. फरक सुमारे सहा लाख पिशव्यांत एक. चौथ्या पिढीसाठी १७ दिवस धरले तर नॅटने होणारा जास्तीचा लाभ सुमारे दहा लाखांत एक एवढाच राहतो. परंतु दात्यांमधील दर दहापट असेल तर हेच आकडे साठ हजारांत एक आणि एक लाखात एक होतात. व्यावसायिक रक्तदात्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी असली, तरी ‘बदली दाता’ म्हणून नातेवाइकाच्या नावाने कोण येतो हे रक्तपेढीला ठाऊक असते. म्हणून नॅटचा निर्णय घेण्यापूर्वी आपल्याकडे स्वेच्छा दाते किती, वारंवार येणारे किती आणि बदली दाते किती, ही नोंद काढावी. यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा तिच्यातून अधिक कळते.

एकेका पिशवीची नॅट आणि एकत्रित नमुन्यांची नॅट यांतही फरक आहे. सहा नमुने एकत्र केल्यास विषाणूचे प्रमाण सहापट पातळ होते. संसर्गाच्या आरंभी आरएनए सुमारे २० तासांत दुप्पट होते, तेव्हा सहापट पातळ होण्याची किंमत साधारण सव्वादोन दिवसांच्या विलंबाने मोजावी लागते. खर्चात होणाऱ्या बचतीसमोर हा विलंब मला स्वीकारार्ह वाटतो, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त देणाऱ्या केंद्राने वेगळा विचार करावा, कारण तेथे एकाच रुग्णाच्या वाट्याला आयुष्यभरात शेकडो दात्यांचे रक्त येते. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी: नॅटचे यंत्र एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी हेही शोधते, आणि भारतात प्रतिपिंड-प्रतिजन चाचण्यांतून सुटून नॅटमध्ये सापडणाऱ्या पिशव्यांत हिपॅटायटिस बी चे प्रमाण सर्वाधिक असते. केवळ एचआयव्हीच्या आधारे खर्च तोलणारी रक्तपेढी नॅटला अन्यायाने महाग ठरवते.

कामाचा भार आणि लॉट

महाराष्ट्रात रविवारी किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी शेकडो पिशव्या एकदम येतात आणि मे महिन्यात संकलन आटते. एलायझाची प्लेट भरलेली असताना परवडते, बारा नमुन्यांसाठी लावल्यास कंट्रोलचाच खर्च जड होतो. क्लियावर नमुना एकेकटा लावता येतो आणि बारकोडमुळे हाताने नोंद करताना होणाऱ्या चुका टळतात, पण यंत्र बंद कंपनी-व्यवस्थेचे असल्याने रीएजंट (चाचणीची रसायने) दुसरीकडून घेता येत नाही. वर्षातील सर्वांत गर्दीच्या आणि सर्वांत रिकाम्या आठवड्याचा दर नमुन्यामागे खर्च दोन्ही पद्धतींसाठी वेगवेगळा काढावा. दुरुस्तीसाठी अभियंता किती तासांत येईल, वीज गेल्यावर चालू असलेल्या चाचणीचे काय होते आणि रीएजंट २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच पोहोचले याचा पुरावा पुरवठादार देतो का, हे प्रश्न करारात लेखी घालावेत.

निवड झाल्यावर जुनी पद्धत लगेच काढून टाकू नये. काही आठवडे दोन्ही समांतर चालवाव्यात आणि दरम्यान कोणत्याही एका पद्धतीत रिॲक्टिव्ह आलेली पिशवी बादच धरावी. त्यानंतरही प्रत्येक नवा लॉट आला की जुन्या लॉटसोबत काही कमजोर पॉझिटिव्ह आणि काही निगेटिव्ह नमुने लावून पाहावेत, गुणोत्तरे नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावीत, आणि कमजोर नमुन्यांचे गुणोत्तर सलग खाली सरकत असेल तर तो लॉट वापरात न आणता पुरवठादाराला परत करावा.